लहान्याचं हार्टचं ऑपरेशन आहे, मोठ्याचं काय करू?

दोन_पोट्ट्यांची_माय

नमस्कार सगळ्यायले. पहिल्यांदाच लिहून राहिली, मोबाईलमधे बोलून टाईप करते अन् मंग दुरुस्त करते, त्यामुळं कुठं काहीच्या काही आलं असंन तं समजून घ्या.

आम्ही पांढरकवड्याकडचे, चार एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. मले दोन पोरं. मोठा सात वर्षाचा, दुसरीत. लहाना चार पूर्ण झाला, अंगणवाडीत जाते, म्हणजे जाते कमी अन् मी घेऊन जास्त जाते. लहान्याच्या हृदयात जन्मापासून दोष आहे, डॉक्टर टीओएफ म्हणतात, फॅलो का काय पूर्ण नाव आहे. खालच्या दोन कप्प्यांच्या मधात छिद्र, फुफ्फुसाकडं जाणारी वाट बारीक, मोठी रक्तवाहिनी छिद्राच्या वरतं सरकून बसलेली अन् उजवा कप्पा जोर लावून लावून जाड झाला. असे चार दोष. हे मी आता पाठ म्हणते पण दोन वर्षापहिले मले यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

आठ महिन्याचा होता तेव्हा रडला की ओठ जांभळासारखे व्हायचे. घरचे म्हणे दृष्ट लागली, मीठ-मिरची ओवाळून टाकली, मी बी टाकली, कायले खोटं बोलू. मंग अंगणवाडीत तपासणीची गाडी आली, ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्यवाले, त्यातल्या मॅडमनं नळी छातीले लावली अन् लावूनच ठेवली, काढेचना. तिथून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. दोनदा तारीख मिळाली, दोनदा हुकली, एकदा याले ताप आला अन् एकदा आमचे सासरे वारले. आता दिवाळी झाल्यावर बोलावलं आहे, नागपूरले.

एक गंमत सांगते, रक्त तपासलं तं हिमोग्लोबिन १९ निघालं. शेजारची मावशी म्हणे आमच्या सुनेचं सात आहे, तुमचं पोट्टं तं पैलवान आहे बाप्पा. डॉक्टरनं सांगितलं की ऑक्सिजन कमी पडते म्हणून शरीर लाल पेशी वाढवत सुटते, रक्त घट्ट होते, म्हणून पाणी कमी पडू द्यायचं नाही, हगवण-उलटी झाली तं घरी बसायचं नाही. उनाळ्यात त्याच्या गळ्यातच बाटली बांधून ठेवली होती मी.

आता खरं विचारायचं ते. तान्ह्या पोळ्याले पोट्टे लाकडी नंदी ओढत घरोघरी जातात अन् लोक त्यायले बोजारा म्हणून पैसे देतात. आमच्या दोघांत मिळून एकच नंदी आहे, चाकं लागलेला, सासऱ्यांनीच सुताराकडून करून आणलेला. मोठ्याले सांगितलं हळू ओढ, लहान्याले पुढं राहू दे. चार घरं झाली नाही तं लहाना दमला अन् उकिडवा बसला. त्याले दम लागला की तो असाच बसते, गुडघे छातीशी घेऊन, कोणी शिकवलं नाही. मोठा दोरी धरून बाजूले उभा. प्रत्येक घरी लोक म्हणे अरे बिचारं बिमार आहे, लहान्याच्या हातात वीस रुपये बोजारा अन् मोठ्याले पाच. एका घरी तं मोठ्याले द्यायचं विसरूनच गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर मोठा मधातच उकिडवा बसला, गुडघे छातीशी. म्हणे आई मले बी दम लागला. मी आधी घाबरली, मंग तोंड पाहिलं तं ओठ लालबुंद, अन् मी त्याले एक ठेवून दिली. रस्त्यावर. तो उठला अन् शाळेत गेला, रडला बी नाही. त्यानंतर दोन-तीनदा बसला असाच, मी पाहिलं नाही असं केलं.

आता आम्ही दोघं बी नागपूरले जाणार, पंधरा-वीस दिवस तरी लागतीन म्हणते. याचे बाबा म्हणतात मोठ्याले काही सांगू नको, कामाले चाललो म्हण. सासूबाई म्हणतात इथंच राहू द्या. माझा भाऊ वरोऱ्याले असते, तो म्हणते मामाच्या घरी पाठव, पण मंग शाळा बुडते. सोबत न्यावं तं दवाखान्यात त्याले कोण पाहीन. अन् मुख्य म्हणजे सांगू काय त्याले? कोणाच्या घरी असं झालं असंन तं सांगा. ऑपरेशनचं बी काही माहीत असंन तं सांगा, पण मोठ्याचं नक्की सांगा.

सेलूवाली_काकू

अगं बाई, आधी एक पेला पाणी पी. एक चापट बसली म्हणून काही होत नाही, मी तं त्या काळात ताटं आपटली आहेत.

माझ्या पोराचं छिद्राचं ऑपरेशन झालं तेव्हा तो तीन वर्षाचा होता, आता आठवीत आहे अन् कबड्डी खेळून राहिला, मीच ओरडते बस झालं म्हणून. त्याचं साधं छिद्र होतं, तुझ्या पोराचं त्याहून गुंतागुंतीचं आहे, तेव्हा डॉक्टर सांगतीन तेच खरं. पण आम्ही ज्याच्यात फसलो ते सांगते. दात. आमच्या पोराच्या दोन दाढा किडलेल्या होत्या अन् हे आम्हाले भरती व्हायच्या दिवशी कळलं, डॉक्टर म्हणे किडक्या दातातले जंतू रक्तातून हृदयात जाऊन बसतात, पहिले दात नीट करून या. परत आलो, दीड महिना गेला. तू आत्ताच दाताच्या डॉक्टरले दाखव. दुसरं सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यावाणी वाकड्या होतात त्या आजाराची, तपासणी झाली का? आपल्या इकडं घराघरात आहे ते, अन् ऑपरेशनात हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवर घेतात तेव्हा शरीर थंड करतात, सिकल असली तं त्यायले पहिलेच तयारी करा लागते. तपासतातच ते, पण रिपोर्ट आपल्याजवळ असलेला बरा. तिसरं सर्दी-ताप. जायच्या दहा दिवस आधीपासून लग्नं, जत्रा, बाजार बंद. आमच्या घरी मी पाहुण्यायले ओसरीतूनच वाटेले लावलं होतं, लोकायनं नावं ठेवली, ठेवू दे.

अन् घरी आल्यावर बगलेत हात घालून उचलायचं नाही. छातीचं मधलं हाड कापलेलं असते, तारेनं बांधतात, जुळाले सहा ते आठ आठवडे लागतात. एक हात पाठीखाली अन् एक ढुंगणाखाली, तान्ह्या पोरावाणी उचलायचं. हे सगळ्या घराले शिकवून ठेव, आमच्या सासऱ्यांनी लाडानं बगलेतून उचललं तं पोरगं असं किंचाळलं की गल्ली जमा झाली.

मोठ्याचं म्हणशीन तं माझी मोठी पोरगी होती, तिले मी जावेकडं ठेवलं. चांगली राहिली. चांगली राहिली असं मले वाटते बा, तिले विचारलं नाही कधी.

जुना_तलाठी

ताई, पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. नौकरी गेली कागदात, त्यामुळं कागदच दिसतात मले.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते, आता कुटुंबाले वर्षाले ५ लाखापर्यंत आहे. दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणजे योजनेचा माणूस बसलेला असते, पहिले त्याले भेटा, मंग डॉक्टरले. अंगणवाडीच्या तपासणीत सापडलेलं पोरगं आहे म्हणजे बाल स्वास्थ्यच्या टीमजवळ नोंद असणार, त्यायचं पत्र बी घ्या. अन् रेशन कार्ड काढून पाहा, त्यात लहान्याचं नाव आहे का? दहातल्या पाच घरी लहान पोराचं नाव चढवलेलंच नसते अन् मंग माणूस तिकडं नागपूरले भरती अन् बाप इकडं तहसीलच्या पायरीवर. आधार कार्डावरचं नाव अन् रेशन कार्डावरचं नाव एकच लिहिलेलं पाहिजे, वेलांटीचा बी फरक नको. जन्माचा दाखला ओरिजनल. सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स गावातूनच करून न्या, दवाखान्यासमोर रांग असते.

रेल्वेनं जा लागलं तं हृदयाच्या ऑपरेशनले जाणाऱ्या पेशंटले अन् सोबतच्या एका माणसाले स्लीपरमधे ७५ टक्के सूट आहे, फॉर्म दवाखान्यातून भरून घ्या लागते. तुमच्याकडून एस्टीच सोयीची, बाईले तसंही अर्धं तिकीट आहे. अन् समजा नागपूरले तारीख पुन्हा पुढं गेलीच तं नवा रायपूरले श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटल आहे, तिथं लहान पोरायच्या हृदयाचं ऑपरेशन फुकट होते, पैसे भरायचं काउंटरच नाही तिथं. आमच्या गावचे दोन पोरं जाऊन आले. गोंदियावरून गाडी सरळ आहे.

रक्त द्यायले दोन-तीन माणसं तयार ठेवा. गावातले पोट्टे नाक्यावर बसून राहतात, त्यायले घेऊन जा, काही तरी कामात येतीन.

कापसाचं टेन्शन नका घेऊ. पहिला वेचा गेला तं गेला.

भोले_भक्त_७७

ताई घाई करू नका, आमच्याकडं एक महाराज आहेत ते जडीबुटी देतात, छिद्र आपोआप भरते, माझ्या साळ्याच्या पोराचं भरलं. गुरुवारी या.

आयसीयूची_नाईट

वरच्या दादांना एकच सांगते, लहान छिद्रं बऱ्याच मुलांची वाढत्या वयात आपोआप बंद होतात, औषध न घेताही. तुमच्या साळ्याच्या मुलाचं तसं असेल. टीओएफ आपोआप बरा होत नाही. महाराजांना नमस्कार, पण तारीख चुकवू नका.

ताई, मी नर्स आहे, काही वर्षं लहान मुलांच्या हार्टच्या आयसीयूत ड्युटी केली आहे. तुमचा मुलगा उकिडवा बसतो ना, ते त्याचं शरीरच त्याला शिकवतं. गुडघे दुमडले की पायाकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगातला दाब वाढतो आणि मग जास्त रक्त फुफ्फुसाकडे ढकललं जातं. कधी रडता रडता एकदम काळानिळा पडला, श्वास जोरजोरात घ्यायला लागला किंवा सुस्त झाला तर घाबरून त्याला खांद्यावर टाकून पळू नका, आडवं करून दोन्ही गुडघे छातीशी दाबून धरा, शांत करा आणि लगेच दवाखाना. गोळी चालू असेल तर एकही डोस चुकवायचा नाही, ऑपरेशनच्या सकाळचं तेवढं डॉक्टरांना विचारा.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा बघाल तेव्हा तोंडात श्वासाची नळी, छातीतून रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या एक-दोन नळ्या, मानेत सुई, लघवीची नळी, आणि मशीन सारखं टिंग टिंग करतं. बहुतेक आया मशीनकडे बघतात, मुलाकडे बघतच नाहीत. तुम्ही त्याची नखं बघा. ओठ बघा. मी कितीतरी आया बघितल्यात ज्यांना आपल्या मुलाची गुलाबी नखं बघून वाटलं की हे मूल बदललं की काय.

शुद्धीवर आला की तो पाणी मागेल आणि आम्ही मोजून देऊ, तेव्हा आमचा राग येईल, येऊ द्या. ऑपरेशनच्या आधीही उपाशी ठेवतात, जेवण-दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, टीओएफच्या मुलांना उगाच जास्त वेळ तहानलेलं ठेवायचं नसतं म्हणून तारीख पुढे-मागे सरकली तर सिस्टरला आठवण करून द्या की बाळ कधीपासून उपाशी आहे. बिनधास्त विचारा.

आणि हे आत्ताच सांगते, ऑपरेशन झालं म्हणजे डॉक्टरांचं तोंड बघायचं नाही असं नसतं. या मुलांना पुढे आयुष्यभर वर्षातून एकदा तरी दाखवावं लागतं, फुफ्फुसाकडची झडप कधी कधी गळायला लागते आणि मोठेपणी त्यावर पुन्हा काम करावं लागू शकतं. पण शाळा, खेळ, लग्न, सगळं होतं.

मोठ्या मुलाबद्दल, माझ्या मते त्याला सगळं सांगा आणि ते गुडघे छातीशी धरायचंही शिकवा. दोघं भाऊ सोबत खेळतात, वेळेला तोच जवळ असेल.

अचलपूरचा_थोरला

सिस्टर, बाकी सगळं पटलं पण शेवटचं नाही पटलं. राग मानू नका. मी तो मोठा पोरगा आहे म्हणून बोलून राहिलो.

माझ्या लहान भावाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आठ वर्षाचा होतो. त्याच्या आधी दोन वर्ष माझं काम काय तं भावाकडं लक्ष ठेवणं. तो पळाला का, तो रडला का, ओठ पाहा रे त्याचे. मी क्रिकेट खेळताना बॉल नाही पाहत होतो, भावाचे ओठ पाहत होतो. एकदा तो आंब्याच्या झाडाखाली निळा पडला अन् आई धावत आली अन् तिचं पहिलं वाक्य होतं तू कुठं होता. मी तिथंच होतो. मी ३१ वर्षाचा आहे आता, पुण्यात नौकरी करतो, अजूनही भाऊ घरी झोपला असला तं रात्री उठून त्याचा श्वास पाहतो. तो मले हसते.

ऑपरेशनच्या वेळेस मले मावशीकडं ठेवलं, २२ दिवस. सांगितलं काय तं आई-बाबा भावाले कपडे घ्यायले नागपूरले गेले. मी विचार करत होतो की २२ दिवस कपडे घेऊन राहिले म्हणजे किती घेतले असतीन, अन् मले एक बी नाही. खरं काय ते मले नळावर पाणी भरणाऱ्या बायांकडून कळलं, त्या आपसात बोलत होत्या की त्याची छाती फाडली म्हणे. फाडली. हा शब्द ऐकून मी घरी आलो अन् कोणाले काही विचारलं नाही कारण मले वाटलं आपण हे ऐकायले नको होतं.

त्या दिवसात माझा समोरचा दात पडला. पहिला नव्हता, पण समोरचा होता. मी तो आगपेटीत ठेवला आईले दाखवायले. आई आली तेव्हा ती इतकी थकून होती की दारात बसूनच झोपली. मंग भावाचं सगळं सुरू झालं, मंग आगपेटी कुठं गेली माहीत नाही. एवढंच. आईची चूक नाही त्याच्यात काही, मी तिले हे कधी बोललो बी नाही.

तर ताई, सांगा त्याले. फाडणं-बिडणं नाही, सरळ सांगा की छातीतली एक वाट बारीक आहे अन् डॉक्टर ती मोठी करणार, त्याले झोपेचं औषध देणार तं दुखणार नाही, मंग थोडं दुखीन. अन् त्याले हे नका शिकवू की तू लक्ष ठेव. गुडघ्याचं सासूबाईले शिकवा, अंगणवाडीच्या ताईले शिकवा, मोठ्या माणसायले शिकवा.

आयसीयूची_नाईट

दादा, राग कशाचा. मी रोज दोन-तीन मुलं बघितली, भाऊ-बहीण बाहेर पायरीवर बसलेले असायचे, त्यांना आम्ही आत घेतच नव्हतो. तुमचं बरोबर आहे. ताई, माझं ते वाक्य खोडा.

तोंडातली नळी निघाली आणि तो बोलायला लागला की मोठ्याशी व्हिडिओ कॉल करून द्या. त्याआधी नको. आणि सिस्टरला आधी विचारा, आत मोबाईल चालतो की नाही प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

झाडीपट्टीचा_मास्तर

मी जिल्हा परिषद शाळेत आहे, गडचिरोली जिल्ह्यात. शाळा बुडते म्हणून काळजी करू नका जी, दुसरीचं पोरगं वीस दिवसांत काही मागे पडत नाही. फक्त जायच्या आधी त्याच्या गुरुजीला एकदा भेटून खरं काय ते सांगा. वर्गात पोरगं खिडकीतून बाहेर पाहत बसलं तर आम्हाला वाटते लक्ष नाही, आणि आम्हीही मग एक ठेवून देतो.

ठेवायचं कुठं तर माझं मत मामाकडं नाही, आजीकडं. त्याचा भाऊ जाणार, आई-बाप जाणार, त्यात घर आणि मित्र पण गेले तर त्याच्याजवळ राहिलं काय? मामालाच इकडं बोलवा चार दिवस. आणि कॅलेंडर लावता ना भिंतीला, दूधवाल्याची खूण करता तशी रोज खूण करायला सांगा त्याला, पण तारीख कबूल करू नका. अमक्या दिवशी येऊ म्हटलं आणि नाही आलात तर पुढचं काही तो ऐकणार नाही.

आता एक अवांतर. पोरांना सांगायला मला ही गोष्ट फार आवडते आणि तुमच्या मोठ्यालाही सांगता येईल. तुमच्या लहान्याला आहे ना तोच आजार, त्याला पूर्वी इलाजच नव्हता, अशी निळी बाळं जगत नव्हती बरीचशी. अमेरिकेत टॉसिग नावाच्या डॉक्टर बाई होत्या, त्यांना ऐकू कमी यायचं म्हणून त्या बाळाच्या छातीवर हात ठेवून हृदय ओळखायच्या. त्यांनी ब्लेलॉक नावाच्या सर्जनला म्हटलं की फुफ्फुसाकडं जास्त रक्त नेता येईल अशी दुसरी वाट काढा. ती वाट कशी जोडायची हे कुत्र्यांवर प्रयोग करून बसवलं कोणी, तर विवियन थॉमस या माणसानं. काळा माणूस, डॉक्टरकीची पदवी नाही, आधी सुतारकाम करायचा, मंदीत काम गेलं म्हणून प्रयोगशाळेत लागला. १९४४ च्या नोव्हेंबरात पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जनच्या मागं स्टुलावर उभा राहून हाच सांगत होता, टाका इकडून घ्या, तिकडून घ्या. आणि पूर्ण दुरुस्ती, म्हणजे तुमच्या लहान्याची करतील तशी, ती १९५४ मध्ये लिलेहाय नावाच्या सर्जननं पहिल्यांदा केली. तेव्हा ते हृदयाचं मशीन वापरत नव्हते, दुसऱ्या धडधाकट माणसाला बाजूला झोपवून त्याच्याच हृदयावर पोराचं रक्त फिरवायचे. काही ऑपरेशनात तो माणूस म्हणजे पोराचा बापच असायचा.

आता मशीन आहे. बापाला बाहेर बाकड्यावर बसायचं आहे फक्त, ते कठीण आहे ते वेगळं.

जुना_तलाठी

मास्तर, सुतारवाली गोष्ट चांगली सांगितली. पण ताईचं रेशन कार्डाचं उत्तर आलं नाही अजून.

दोन_पोट्ट्यांची_माय

दोन दिवस झाले, सोयाबीन नाही आमच्याकडं पण दुसऱ्यायच्या सोंगणीले गेली होती, रात्री मोबाईल हातात घेतला की झोपच लागे. सगळ्यायचं वाचलं. थोरल्या दादाचं तीनदा वाचलं. आगपेटीचं वाचून उठली अन् मोठ्याचं तोंड उघडून पाहिलं झोपेतच. एक दात हलून राहिला. मले माहीतच नव्हतं.

सिकलसेलचं झालं काकू, बरं निघालं. दाताचं सोमवारी दाखवतो. मास्तर, तुमची गोष्ट याच्या बाबायले वाचून दाखवली, ते काही बोलले नाही, उठून बैलाले पाणी पाजाले गेले अन् बराच वेळ आलेच नाही.

काल संध्याकाळी मोठ्याले सांगितलं. लहाना आजीजवळ होता. आम्ही दोघं चुल्ह्याजवळ बसलो, मी भाकरी टाकत होती, तोंडाकडं पाहून सांगणं मले जमलं नसतं. म्हटलं तुझ्या भावाच्या छातीत एक वाट बारीक आहे. तो म्हणे माहीत आहे. म्हटलं कसं काय? तं म्हणे तू फोनवर मामाले सांगत होती, मंग मावशीले सांगत होती, मंग नागपूरवाल्या मॅडमले, मले चार बी दोष पाठ आहेत. अन् त्यानं म्हणून दाखवले, त्या फॅलोचं नाव बी घेतलं, माझ्यापेक्षा बरोबर. म्हणजे आम्ही लपवून कोणापासून राहिलो होतो काय माहीत.

मंग मी म्हटलं त्या दिवशी रस्त्यावर मारलं ते माझं चुकलं. तो काही बोलला नाही. भाकरीचा पापुद्रा काढून खात बसला. मंग विचारते, कापल्यावर ओठ माझ्यासारखे होतीन का त्याचे? म्हटलं हो, डॉक्टर म्हणतात होतीन. मंग तो पळीन? हो, हळूहळू पळीन. दमणार नाही? नाही. बसणार नाही असा? म्हटलं नाही बसणार.

थोडा वेळ विचार केला अन् म्हणे, तं मंग पुढच्या पोळ्याले नंदी मी त्याले देणार नाही. त्याचा त्याले दुसरा करा.

मी म्हटलं करू बाप्पा. तं म्हणे सुताराले आत्ताच सांगून ठेवा, पोळ्याच्या वक्ती गर्दी राहते, अन् त्याच्या नंदीले लहान चाकं लावा, माझ्या नंदीच्या पुढं जायले नको.

आजीजवळच राहणार आहे तो. मामा येऊन जाऊन राहीन. सासूबाईले गुडघ्याचं शिकवलं, त्यायनं उशीवर करून दाखवलं दोनदा. कॅलेंडर त्यानं स्वतःच काढून आपल्या बिछान्याजवळच्या खिळ्याले लावलं, दूधवाल्याची खूण आता तिथंच करा लागते.

अन् तलाठी काका, तुम्ही म्हटलं तसंच निघालं. रेशन कार्डात लहान्याचं नाव नाही. मोठ्याचं आहे, तेही चुकीचं लिहिलं आहे. उद्या पहिल्या गाडीनं हे तहसीलले चालले, कोणता फॉर्म मागा लागते अन् सोबत काय काय न्या लागते ते रात्रीतून सांगता आलं तं सांगा.